सदस्य क्रमांक दोन

शैलजा नेहेते रोज सकाळी दहा वाजता आपल्या मेलेल्या नवऱ्याचा कॉम्प्युटर सुरू करायची आणि अर्धा तास नवरा व्हायची.

ह्यात भूतबित काही नव्हतं, आणि भक्ती तर अजिबातच नव्हती. सरकारला फसवायचं होतं, बस. भागवत टाइप करायचा उजव्या हाताच्या मधल्या एकाच बोटानं, आणि दोन शब्द झाले की चष्मा वर सारायचा. म्हणून तीही एका बोटानं टाइप करायची आणि मध्ये मध्ये थांबायची. हवामान बघायची, केळीचे भाव बघायची, बुद्धिबळाचा डाव उघडून चार चालींत हरायची. साडेदहाला नवरा संपला की हात धुऊन ती पुन्हा शैलजा. संध्याकाळी पाच ते सहा मधल्या खोलीतल्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर ती स्वतःची मुलगी व्हायची. दहाही बोटं, भराभर, आणि साड्या-चपलांची दुकानं. मुलगी खरी कोइमतूरला होती आणि महिन्यातून एकदा फोन करायची, तोही चालता चालता, धापा टाकत.

बाई बहात्तर वर्षांची. भुसावळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदीची वर्षं काढलेली. तारघर कॉलनीतल्या सोळा घरांपैकी चौदांना कुलपं. उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला की कुलपंसुद्धा हात लावू देत नाहीत, अशी ती जागा. तिथून तिला हलायचं नव्हतं. एवढीच तिची मागणी होती जगाकडे, आणि जगाला तेवढीही जड झाली होती.

कारण कायदा आला होता.

पूर्वी शिरगणतीवाला यायचा आणि विचारायचा, चूल एक की दोन? एक चूल म्हणजे एक घर. पुढे चुली विझल्या. माणसं डबे मागवून खायला लागली, आणि शहाण्या लोकांनी नवी व्याख्या काढली : एक जोडणी म्हणजे एक घर. घरात येणारी इंटरनेटची तार एकच, तिच्यावर जेवढी माणसं बसतात तेवढे त्या घराचे सदस्य. नावं विचारायची नाहीत. नाव विचारणं म्हणजे खासगीपणावर घाला, म्हणे. नुसती डोकी मोजायची. माणसाला नाव न विचारता मोजतात त्याला खासगीपणा म्हणायचं की गुरांचा बाजार, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

मोजायचं काम राऊटरकडे. शैलजाला हे यंत्र चटकन कळलं, कारण ते तिच्याच धंद्यातलं होतं. कचेरीत बाहेरची लाइन एक आणि आत टेबलं वीस असायची. बाहेरच्या जगाला एकच नंबर ठाऊक. आत बसलेली ऑपरेटर लक्षात ठेवायची की मुंबईचा कॉल साहेबांनी मागितलाय, नाशिकचा हेडक्लार्कनं, आणि उत्तर आलं की दोरी बरोबर त्या भोकात खुपसायची. राऊटर हेच करतो. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना बाहेर पत्ता एकच. आतल्या कुणी काय मागितलं ह्याची एक यादी तो ठेवतो, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. फरक एवढाच, की ऑपरेटर बाई कान देऊन ऐकायची. राऊटर ऐकत नाही, वाचतही नाही. तो फक्त वेळ बघतो. कळ दाबल्यापासून दुसरी कळ दाबेपर्यंत किती गेला, कुठे अडखळला, किती वेळानं परत आला. ही प्रत्येकाची लय. बोटांच्या ठशापेक्षा पक्की. लय निराळी तर माणूस निराळा.

पासष्टीच्या पुढचं माणूस नव्वद दिवस एकटंच मोजलं गेलं, की घराची नोंद 'एकल'. मग गाडी येते आणि सहनिवासात नेते. जळगावच्या सहनिवासात शैलजा एकदा जाऊन आली होती, लीला सपकाळेला भेटायला. एक्स्चेंजमध्ये लीला तिच्या शेजारच्या खुर्चीवर असायची, आणि तिचा आवाज असा की साहेब लोक मुद्दाम चुकीचा नंबर मागत. सहनिवासात आठ खाटा, प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचं चित्र. लीला सहा महिन्यांत बोलायची बंद झाली होती. पट्ट्यावर तिची प्रकृती 'उत्तम' होती.

म्हणून तीन कॉम्प्युटर. राऊटरच्या छोट्या पडद्यावर आठ वर्षं एकच ओळ होती : सदस्य दोन. मुलगी काही त्याच्या पचनी पडली नाही, पण भागवत पडला, असं शैलजानं धरून चाललं होतं. तिला त्याचा अभिमान होता. जिवंतपणी भागवतला कुणी मोजलं नव्हतं.

वैशाखातल्या एका सोमवारी ती ओळ बदलली. *सदस्य क्रमांक दोन : ४८ तास शांत.*

तिनं चष्मा पुसून परत वाचलं. काल तर अर्धा तास बसले होते मी. परवाही. ती तशीच भागवतच्या कॉम्प्युटरवर बसली आणि एका बोटानं चार तास टाइप करत राहिली. बोटाचं पेर सुजलं. भागवत आयुष्यात एवढा कधी बोलला नव्हता. पडद्यावर आकडा पुढे सरकला, ५२. दुसऱ्या दिवशी सकाळी ७०.

मग तिनं जे आठ वर्षांत केलं नव्हतं ते केलं. टेबल ओढून कॉम्प्युटरची पाठ बघितली.

पाठीत दोन तारा होत्या. एक राऊटरकडे जाणारी. दुसरी प्रिंटरची असणार, असं ती झाडताना रोज समजायची. पण प्रिंटर तर केव्हाच भंगारात गेला होता. दुसरी तार कपाटामागे गेली होती. कपाट तिच्यानं हललं नाही, म्हणून तिनं हात घालून चाचपलं. तार भिंतीत घुसली होती. भोकाभोवती पांढरं सिमेंट लिंपलेलं, आणि त्यात भागवतच्या अंगठ्याचा ठसा. तो कुठलंही लिंपण अंगठ्यानंच करायचा, थापी हातात धरायचा नाही.

भिंतीपलीकडे सुभान तडवी राहत होता.

आता हे भांडण सांगायला पाहिजे. सुभान मालगाडीचा गार्ड. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून हिरवा कंदील दाखवण्यात त्याचं आयुष्य गेलं. भागवतचा तो जिवाभावाचा दोस्त. भागवत गेल्यावर तेराव्याला तो दारात आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "वहिनी, तो कॉम्प्युटर तेवढा बंद करू नका." शैलजाच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस जाऊन तेरा दिवस, आणि ह्याला कॉम्प्युटर सुचतो. तिनं सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला चालतं व्हा म्हटलं. तो झाला. त्याला नऊ वर्षं झाली. दोघांची अंगणं लागून. ती कपडे वाळत घालायला आली की तो आत जायचा, तो आला की ती. कॉलनीत हे दोघंच उरले तरीही. माणसाचा ताठा बघा, चौदा कुलपं सोबतीला चालतात, पण पंधरावा माणूस चालत नाही.

तिला आता सगळं लख्ख दिसलं. भागवतनं आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीतून दोस्ताला तार दिली होती. भागवतचा कॉम्प्युटर चालू, तर पलीकडे जोडणी चालू. राऊटरच्या यादीत नाव एकच, पण त्या नावामागे माणसं दोन. आणि त्यातला जिवंत माणूस सत्तर तास शांत होता.

ती त्याच्या दाराशी गेली. आतून कडी. दुधाच्या तीन पिशव्या उन्हात फुगून पडलेल्या. खिडकीला तोंड लावून तिनं हाक मारली, "सुभानभाऊ." नऊ वर्षांत ते नाव तोंडात आलं नव्हतं. आतून काही नाही. मग पाण्याचा आवाज. नळ. बंद. पुन्हा नळ.

फोन हातात होता आणि ती तशीच उभी राहिली. ही गोष्ट लपवायची नाही : ती चांगली दोन मिनिटं उभी राहिली. रुग्णवाहिका आली की मागून गणनेचे लोक येणार, तार सापडणार. तार भिंतीबाहेर नेणं गुन्हा. दोघंही एकल ठरणार. नाही बोलावली तर? तरी सदस्य क्रमांक दोन जाणारच. कसंही मोजा, हरायचंच होतं. तिला लीलाची खाट दिसली, पट्टा दिसला. आणि आत तो बावळट नळ पुन्हा सुरू झाला.

"लावते फोन," ती खिडकीत म्हणाली. "नळ नका बंद करू. चालू ठेवा, मला कळूदे."

दार फोडलं तेव्हा सुभान मोरीत पडलेला होता, खुब्याचं हाड मोडून. मोरीत पडला म्हणून वाचला. नळ हाताशी होता. स्ट्रेचरवर चढवताना एका माणसानं विचारलं, "मावशी, तुम्ही कोण ह्यांच्या?"

"ऑपरेटर," ती म्हणाली. त्यानं तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गणना कार्यालयाची बाई आली. ऋतुजा कोलते, चाळिशीची, उन्हानं भाजलेली. तिनं आधी पाणी मागितलं, मग आपल्या टॅबचा पडदा उघडून आठ वर्षांचा आलेख शैलजासमोर धरला.

"आजी, हे तीन कॉम्प्युटर तुम्ही एकट्या चालवता."

"कोण म्हणतं?"

"राऊटर. पहिल्या महिन्यापासून म्हणतोय. तुम्ही लय छान बदलता हो, खरंच. पण आठ वर्षांत हे तीन कॉम्प्युटर एकदाही एका वेळी बोलले नाहीत. एक पूर्ण थांबला की मगच दुसरा सुरू. घरात तीन माणसं असती तर एकमेकांच्या मध्ये बोलली असती की नाही?"

एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट : एक दोरी काढल्याशिवाय दुसरी खुपसायची नाही. हातात मुरलेली शिस्त. तिनं नवऱ्याला आणि मुलीलाही तीच लावली होती. तीन माणसं, आणि तिघंही रांगेत.

"मग दोन कसे मोजले?"

"हा बघा ना." कोलतेबाईनं आलेखावर बोट ठेवलं. "रोज दहाला तुम्ही नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर टाइप करता, त्याच वेळी त्याच तारेवरून दुसरं कुणीतरी टाइप करतं. तुमच्या मध्ये, तुमच्या वर. हा खरा सदस्य आहे. तुम्ही दोघं आठ वर्षं एकाच वेळी बोलताय."

"आम्ही नऊ वर्षं बोललो नाही."

"ते राऊटरला कळत नाही."

"मग काय कळतं त्याला? घर कशाला म्हणतात ते कळतं?" शैलजाचा आवाज चढला नाही, पण धार आली. "पलीकडे माणूस तीन दिवस मोरीत पडला होता. तुमच्या पडद्यावर 'शांत' लिहून आलं. शांत. बाई, असा शब्द कुणाच्या बापाला सुचला?"

कोलतेबाईनं पाणी संपवलं. मग म्हणाली, "तार भिंतीबाहेर आहे, ती काढावी लागेल. नव्वद दिवसांनी दोन्ही घरं एकल लागतील. ते मी बदलू शकत नाही." पिशवीतून तिनं नियमांचं पुस्तक काढलं आणि उगाच, कुणी विचारलं नसताना, हळूहळू वाचायला लागली. "'दोन लगतच्या निवासांमध्ये आतून कायमचा रस्ता असल्यास त्यांस एक निवास समजावे. दारास झडप असणे बंधनकारक नाही.'" पुस्तक मिटून ती उठली. "मी काही सांगितलं नाही, आजी. मी आपलं वाचत होते. सवय आहे मला."

सुभान इस्पितळात उताणा पडलेला, पायाला वजन बांधलेलं. शैलजा खुर्चीत बसली. दोघंही पंख्याकडे बघत होते.

"तेराव्याला कशाला आला होतात ते आत्ता कळलं," ती शेवटी म्हणाली.

"स्वार्थ होता, वहिनी. खोटं कशाला बोलू. तुम्ही बंद केला असता तर माझी लाइन गेली असती. भागवतभाऊनं तार टाकेल होती, आमचे डाव चालायचे रोज. तो गेल्यावर डाव नाही, पण लाइन तरी राहो."

"मग सांगायचं ना तसं."

"तुम्ही कुठे सांगू दिलं? पन्नास लोकांत हाकललं मला."

"पन्नास नव्हते. वीस होते."

"वीस तर वीस." तो थोडा हसला, हाड दुखलं म्हणून थांबला. "मग तो कायदा आला. मी विचार केला, बाई रोज दहाला सुरू करते. माझ्याकडे बारकी हिरवी लाइट लागते. म्हणजे बाई उठेल आहे, चालती-फिरती आहे. मग मीही बसायचो. तुमचं बंद होईपर्यंत टाइप करत राहायचो."

"काय टाइप करायचात अर्धा तास?"

"मला काय येतं? स्टेशनं. भुसावळ, वरणगाव, आचेगाव, बोदवड, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. अकोल्याला पोचलो की परत फिरायचो. कधी तुम्ही लवकर बंद करायच्या, तेव्हा मी मधेच कुठेतरी उभा. एकदा दिवसभर पारसला उभा होतो."

शैलजा पंख्याकडेच बघत होती. तिला हिशोब लागत नव्हता, की एका माणसाला आपण रोज हिरवा कंदील दाखवत होतो आणि तो आपल्याला, आणि मधे फक्त नऊ इंचाची भिंत. आणि त्या नऊ इंचांना नऊ वर्षं कुणी हात लावला नाही.

"भिंत फोडायची म्हणते," ती म्हणाली. "नियमात बसतं. दोन घरांचं एक होतं."

सुभानचा चेहरा बदलला. "मुलगा सुरतहून आला होता. तो म्हणतो, सहनिवासच बरं. सही करून ठेवा म्हणतो."

"केली?"

"पेन नव्हतं त्याच्याकडे. उद्या आणेल." मग म्हणाला, "लोक काय म्हणतील, वहिनी?"

"कोणते लोक? चौदा कुलपं?"

तो ह्यावर हसला नाही. एवढंच म्हणाला, "कपाट जिथं आहे तिथून फोडू नका. तिथं तार आहे. तुटेल."

भिंत फोडायला रावेरकडचा गवंडी आला. एका दिवसात भगदाड झालं, माणूस सरळ जाईल एवढं. तारेच्या भोकापासून हातभर दूर. भागवतच्या अंगठ्याचा ठसा तेवढा राहिला. कोलतेबाई येऊन फीत लावून भगदाड मोजून गेली, वहीत 'एक निवास' लिहून. मुलीचा फोन आला, चालता चालता. "आई, शेजाऱ्याच्या घरात दार पाडलंस? वेड लागलंय का?" शैलजा म्हणाली, "तू धापा टाकतेस. आधी कुठेतरी बस, मग बोलू." मुलगी बसली नाही.

सही न करताच सुभान इस्पितळातून आला तेव्हा नव्वदातले ब्याऐंशी दिवस गेले होते. चार पायांची काठी घेऊन तो आपल्या दारानं आपल्या घरात गेला. शैलजा आपल्या घरात. भगदाडातून दोघांनाही एकमेकांच्या भिंतीचा तुकडा दिसत होता, तिला त्याचं कॅलेंडर, त्याला तिचा माठ. पहिला दिवस तसाच गेला. दुसराही. ती भगदाडासमोरून जाताना पदर सारखा करायची. तो खोकून आधी सूचना द्यायचा आणि मग हलायचा. पाहुण्यांसारखे दोघं आपापल्याच घरात वावरत होते. एवढी वर्षं न बोलण्याची सवय झाली की ती भिंतीबरोबर पडत नाही, हे त्या नियमांच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहाला तिनं भागवतचा कॉम्प्युटर सुरू केला. पलीकडे बारकी हिरवी लाइट लागली असणार. कळा वाजायला लागल्या. आता त्या ऐकू येत होत्या. ती एका बोटानं हवामान उघडणार, तेवढ्यात बुद्धिबळाच्या पटाखाली, जिथं पूर्वी दोन दोस्त एकमेकांना शिव्या लिहायचे, तिथं एक ओळ उमटली.

*वहिनी चहा झाला का*

सहा हातांच्या अंतरावर बसलेला माणूस तारेतून विचारत होता. राऊटरच्या पडद्यावर सदस्य दोन.

तिनं उत्तर लिहायला बोट उचललं. मधलं, भागवतचं. तसंच थोडा वेळ हवेत धरलं, आणि खाली ठेवलं. मग खुर्ची वळवून भगदाडाकडे तोंड केलं.

"नाही झाला," ती म्हणाली. "टाकते."

आवाज इतका खरखरला, की कुणी तिसरीच बाई घरात बोलली असं वाटून ती स्वतःच थबकली. पलीकडच्या कळा थांबल्या. काठीचा एक पाय फरशीवर टेकला, मग दुसरा.

राऊटरनं दोघांनाही 'शांत' म्हणून नोंदवायला सुरुवात केली.